गादीखालची काच

ढगोबा हे नाव त्याला प्रयोगशाळेने दिलं होतं, आणि प्रयोगशाळेतल्या इतर गोष्टींसारखं तेही पुराव्यावर आधारलेलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने काढलेला फोटो ढगाळ आला नाही, असं कधी झालं नाही. पन्नाशी उलटली, डॉक्टरेट मिळाली, डोक्यावरचे केस कामी आले, पण फोटोंवरचं मळभ काही हटलं नाही. घरी त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासत असे. आपल्या नवऱ्याच्या डोळ्यांत काहीही दोष नाही, हे तिने दोनदा तपासून सांगितलं होतं. दोष मग इतरत्र कुठे तरी असणार, पण तो तिच्या खात्यात येत नव्हता.

त्यांच्या घरात एक खोली ढगोबाच्या थोरल्या बहिणीची होती. ताईने उभा जन्म टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात काढला होता. निवृत्त झाल्यावर वर्षभरात तिला कोरडा खोकला लागला, मग जिना चढताना धाप लागायला लागली, आणि मग स्कॅन पाहून छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात तंतू माजलेत, याला फायब्रोसिस म्हणतात, कारण अज्ञात. ताईला आजारापेक्षा त्या शेवटच्या दोन शब्दांचा राग आला. तिच्या विभागात कोणी 'कारण अज्ञात' असा शेरा मारून तक्रार निकालात काढली असती, तर तिने त्याला दुपारच्या चहाला मुकवलं असतं.

तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत असे, आणि त्याची नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचत असे, म्हणजे ताईला लक्ष घालायचं तिथे घालता येत असे. रोज घ्यायच्या गोळ्या रोगाचा वेग कमी करतात, मागे नेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्या गोळ्यांनी अन्नावरची वासना जाते आणि उन्हात कातडी भाजते, म्हणून ती खिडकीशीसुद्धा छत्री उघडून बसे. खालून जाणारे लोक वर बघत. ताई त्यांना हात करी.

योगायोग असा, की ढगोबाची प्रयोगशाळा नेमकी याच रोगावर काम करत होती. तो योगायोग नव्हताच, असं बायकोचं म्हणणं होतं. या घरातली माणसं आजारीसुद्धा एकमेकांना विचारून पडतात.

रोज संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, की ताईच्या खोलीत त्याची उलटतपासणी होई. तिला सगळं पहिल्यापासून हवं असे. पहिली तक्रार कोणी केली? तो सांगे, की फुप्फुसाच्या आतल्या अस्तरातली एखादी पेशी दुखावते. ती ओरडत नाही, पण एक प्रथिन सोडते, आणि ते प्रथिन म्हणजेच निरोप. शेजारी एरवी आळसात पडून असलेली दुसऱ्या जातीची पेशी तो निरोप ऐकते, अंगात येते, स्नायू कमावते, कोलॅजेनचे दोर टाकते आणि जखमेच्या कडा खेचून धरते. इथपर्यंत सगळं उत्तम. कापलेलं बोट असंच भरतं.

"मग माझ्यात काय बिघडलं?" ताईने विचारलं होतं.

बिघडलं ते असं, की काम झाल्यावर ही कामकरी पेशी घरी जात नाही. शिवाय निरोपाचा बराच साठा त्या दोरांमध्येच गाठी मारून ठेवलेला असतो. पेशी दोर ओढते, दोर कडक असला की गाठ सुटते, निरोप मोकळा होतो, आणि निरोप काय, तर आणखी दोर टाका.

ताईने यावर डोळे मिटून विचार केला. "म्हणजे दुरुस्तीला आलेलाच नवीन तक्रार नोंदवून जातो."

"तसंच."

"आमच्याकडे होता असा एक," ताई म्हणाली. "त्याला बढती मिळाली."

प्रयोगशाळेने एक औषध बनवलं होतं. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता आकडा होता, आणि घरात त्याला 'आपलं औषध' म्हणत, जसं एखाद्या नालायक भाच्याला 'आपला' म्हणतात. निरोप ऐकण्याचा पेशीचा जो कान असतो, त्यात ते बोळा घालत असे. निरोप येऊ दे, ऐकू आला नाही म्हणजे झालं. कागदावर हे इतकं सोपं होतं की ताईसुद्धा शंका न काढता ऐकून घ्यायची. आशा ठेवायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं, आणि दोघंही ते चोरून मोडत होते.

आता अडचण अशी होती, की आपलं औषध काही करत नव्हतं.

पेशी औषध दिल्यावरही अंगात आल्यासारख्या पसरत, दोर टाकत, आणि फोटोत झळकत. फोटो मात्र देखणे होते. ते काढणारा सहकारी, ज्याला सगळे फोटोवाला म्हणत, हा त्या कामातला उस्ताद होता. साहेबांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, नवा सूक्ष्मदर्शक आणल्यापासून त्याच्या पेशी निळ्या-हिरव्या ताऱ्यांसारख्या चमकत. भिंतीवर त्यांची मोठी छापील चित्रं लागली होती. एका पाहुण्याने ती अवकाशाची समजून कौतुक केलं होतं, आणि साहेबांनी ते दुरुस्त केलं नव्हतं.

कोणता फोटो हिशेबात धरायचा आणि कोणता टाकून द्यायचा, हे संगणक ठरवी. जो स्पष्ट तो आत, जो पुसट तो बाहेर. ढगोबाचे झाडून सगळे बाहेर जात. याबद्दल त्याची तक्रार नव्हती. बाहेर राहिलेल्या माणसाला बैठकीत बोलावं लागत नाही.

महिनाअखेरच्या बैठकीत साहेबांनी हळव्या आवाजात जाहीर केलं, की या औषधाला आपण निरोप देऊ. पुढच्या बैठकीत कागद पुरा करून टाकू. समारोपाचं टिपण कोण लिहील? सगळ्यांनी आपापल्या कपांत पाहिलं. साहेब म्हणाले, ढगोबा लिहील, त्याचे फोटो कशातच नाहीत, त्यामुळे तो निःपक्षपाती आहे.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, आज काय केलं पेशींनी? तो म्हणाला, नेहमीचंच. ताई त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. मग तिने छत्री मिटली.

टिपण लिहायला बसला, तेव्हा त्याला पहिलं वाक्यच सुचेना. माणसाला लिहायला सुचलं नाही की तो कपाट आवरतो. ढगोबाने आपले टाकून दिलेले फोटो उघडले. निरोप देण्याआधी एकदा पाहावेत, एवढंच. सगळीकडे धुकं होतं. पण धुक्यातही एक गोष्ट दिसत होती. प्रथिनाचा निरोप मिळालेल्या पण औषध न दिलेल्या पेशी हातपाय पसरून होत्या, आणि औषध दिलेल्या लहान, गोल, अंग चोरून बसल्या होत्या.

त्याचा पहिला निष्कर्ष त्याच्या लौकिकाला साजेसा होता. आपण ताटल्यांची अदलाबदल केली असणार. त्याने प्रयोग पुन्हा केला, ताटल्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावून. पुन्हा तेच. मग तो फोटोवाल्याला घेऊन आला. फोटोवाल्याने पडद्याजवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, आणि म्हणाला, "इतक्या धुक्यात माझी सासूसुद्धा लहान आणि गोल दिसेल."

हा आक्षेप रास्त होता. म्हणून दोघांनी फोटोंचा नाद सोडला. पेशी कामाला लागली की तिच्या पोटात एक खास प्रथिन वाढतं. ते मोजायला डोळे लागत नाहीत, पेशी विरघळवून यंत्रात घालायच्या की झालं. घातल्या. ढगोबाच्या ताटल्यांत औषधाने ते प्रथिन पार खाली आणलं होतं. फोटोवाल्याच्या ताटल्यांत जिथल्या तिथे. औषधाची बाटली तीच, पेशी त्याच, पाणीही एकाच नळाचं.

फोटोवाला खुर्चीत बसला. "तू काय करतोस?" त्याने विचारलं, आणि ते विचारताना पहिल्यांदाच त्याच्या आवाजात उपहास नव्हता.

"तू करतोस तेच. फक्त वाईट."

आता दोघांना चैन पडेना. बायकोने रात्री विचारलं, की तू जेवताना हसतोयस कशाला, तर त्याला सांगता येईना. काही तरी वेगळं होतं आणि ते काय ते कळत नव्हतं. इतका आनंद त्याला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसून, एकमेकांच्या हातांकडे टक लावून, एकेक पायरी करू लागले. सुना पहिल्यांदा एका स्वयंपाकघरात आल्यावर करतात तसं. पहिली पायरी गादी घालण्याची. पेशी नुसत्या काचेवर किंवा प्लॅस्टिकवर ठेवल्या तर त्या कडक जागेमुळे आपणहून अंगात येतात. त्यांना वाटतं, इथे आधीच व्रण झालाय. हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून काचेवर आधी फुप्फुसाइतक्या मऊ जेलीचा थर घालायचा आणि त्यावर पेशी निजवायच्या. फोटोवाल्याने जेलीचा थेंब सोडला. ढगोबाने आपला सोडला. फोटोवाल्याने दोन्ही थेंबांकडे पाहिलं.

"हा एवढा मोठा?"

"एवढाच तर असतो."

"असायचा. नवीन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा साहेबांनी कमी करायला नाही का सांगितलं? नव्या भिंगाला पेशीच्या अगदी जवळ जावं लागतं. थर जाड असला की भिंग पोचत नाही, फोटो पुसट येतो."

ढगोबाने आठवून पाहिलं. ज्या बैठकीत हा आदेश निघाला, त्या वेळी तो दाढ काढायला गेला होता. परत आल्यावर त्याला कोणी सांगितलं नाही, कारण गाल सुजलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. तेव्हापासून तो जुन्या मापाची जाड गादी घालत होता, आणि तेव्हापासून त्याच्या फोटोंत ढग होते. त्याआधीचे ढग कुठून येत, हे कोडं मात्र सुटलं नाही.

त्यांनी दोन्ही थर मोजले. सूक्ष्मदर्शकाची नजर आधी तळाच्या काचेवर लावायची, मग पेशीवर, आणि मधल्या अंतरात बटण किती फिरलं ते बघायचं. ढगोबाच्या ताटलीत ते फिरत राहिलं. फोटोवाल्याच्या ताटलीत बोट लावलं न लावलं तोच पेशी आली.

फोटोवाल्याने बटण उलटं फिरवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "हॉस्टेलची गादी."

एवढंच पुरेसं होतं. ज्याने हॉस्टेलात दिवस काढलेत त्याला सांगावं लागत नाही. गादी नावाला मऊ असते, पाठीला कळतात त्या खालच्या फळ्या. पेशी मऊ जेलीला धरून ओढत होती, ओढ थेट खालच्या काचेपर्यंत जात होती, आणि पेशीचं मत होत होतं की आपण दगडावर पडलो आहोत. मऊ गादीची काळजी सगळ्यांनी घेतली होती. ती फोटो चांगला यावा म्हणून पातळ केली होती. भिंतीवरचे ते सगळे तारे काचेवर निजून चमकत होते.

साहेबांना हे सांगायचं काम दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि शेवटी दोघं मिळून गेले. साहेब ऐकत असताना त्यांची नजर एकदा भिंतीकडे गेली. मग ते म्हणाले, की त्यांना हा संशय पहिल्यापासून होताच, पण तरुणांनी स्वतः शोधून काढावं अशी इच्छा होती. दोन्ही तरुणांनी आपापली टक्कलं खाजवली. औषधाचा कागद थांबला. आता गादी तीन प्रकारची घालायची असं ठरलं, मऊ, मध्यम आणि कडक, तिन्ही भरपूर जाड, आणि औषध तिन्हींवर द्यायचं.

ताईला त्याने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, दाढेसकट. ती इतकी हसली की खोकला लागला आणि बायकोला धावत यावं लागलं. श्वास जागेवर आल्यावर ताई म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा बैठक चुकवल्याचा कोणाला फायदा झालेला ती पाहते आहे. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी जे होतं, ते त्याला पाहवलं नाही, कारण तसलंच त्याच्याही डोळ्यांत असणार होतं.

तीन गाद्यांचे निकाल आले तेव्हा ते अगदी स्वच्छ होते. मऊ गादीवर औषध उत्तम लागू पडत होतं. मध्यम गादीवर निम्मंशिम्मं. कडक गादीवर, मग ती कितीही जाड असो, काहीच नाही. तिथे पेशीला निरोप ऐकायची गरजच उरत नव्हती. तिच्या एका कानात बोळा घातला तरी अंगाखालचा कडकपणा तिला दुसऱ्या वाटेने आतून सांगत राही, की आणखी दोर टाक.

म्हणजे फोटोवाल्याचे जुने फोटोही खोटे नव्हते. ते आधीच कडक झालेल्या फुप्फुसाचे फोटो होते. ढगोबा त्या भिंतीसमोरून जाताना थांबला. निळे-हिरवे तारे एकमेकांचे हात धरून पसरले होते. ताईची छाती आतून अशी दिसत असणार, असं त्याला वाटलं, आणि ती इतकी सुंदर दिसावी याचा त्याला राग आला.

घरी त्याने काही सांगितलं नाही. ताईने विचारलं तर प्रयोगशाळेतलं यंत्र बंद आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वीज गेली होती. तिसऱ्या दिवशी ताईने त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"धाकट्या, मी जन्मभर लोकांचं खोटं टेलिफोनवर ऐकलंय. समोर बसून तर फारच सोपं जातं. निकाल आला ना?"

"आला."

"लागू पडत नाही?"

"पडतं. मऊ असताना."

ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत होतं. बायको दाराशी येऊन उभी राहिली आणि आत आली नाही.

"आणि माझं?" ताईने विचारलं.

त्याने तिला जसं होतं तसं सांगितलं. तिच्या फुप्फुसांचे खालचे भाग कडक झाले आहेत, तिथे कोणी काही करू शकणार नाही. वरचा भाग बराच मऊ असावा. या रोगात सगळं एकदम दगड होत नाही, तुकड्यातुकड्याने होतं.

"असावा म्हणजे?"

"स्कॅनवरून तसं वाटतं. आत हात घालून कोणी दाबून पाहिलेलं नाही."

"बाजारात कधी येईल?"

"आधी जनावरांत बघायचं, मग निरोगी माणसांत, मग आजारी माणसांत. दर पायरीला निम्मी औषधं गळतात." तो थांबला. "तुझ्या उपयोगाचं नाही ते, ताई. मऊ असतं तरी वेळेत पोचलं नसतं."

ताईने मान हलवली. नाकाखालची नळी नीट केली. तो तिच्या हाताकडे बघत होता, कारण तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

"मऊ असताना कोणी डॉक्टरकडे जातच नाही की," ती म्हणाली. "खोकलाच नसतो. मग औषध द्यायचं कोणाला?"

तो म्हणाला, की तोच आता पुढचा प्रश्न आहे. ताई म्हणाली, फार चांगला प्रश्न आहे. मग म्हणाली, की मला ती बघायची आहे.

"कोण?"

"मऊ गादीवरची. इतके दिवस नुसतं ऐकतेय."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती तिघं निघाली, ताईच्या खांद्याला ऑक्सिजनची छोटी पेटी अडकवून आणि डोक्यावर छत्री धरून. इमारतीच्या दारातल्या रखवालदाराला ओळखपत्र हवं होतं. ताईने त्याला त्याचा टेलिफोन नीट चालतो का विचारलं, आणि तो चालत नव्हता, त्यामुळे पुढचा वेळ त्याच्या तक्रारीत गेला आणि ओळखपत्र राहून गेलं. वर फोटोवाला आधीच येऊन बसला होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आधी त्याने तिला आपल्या जुन्या पातळ गादीवरच्या, म्हणजे काचेवर निजलेल्या, पेशी दाखवल्या. ताईने भिंगाला डोळे लावले आणि मनापासून म्हणाली, की फारच छान आहेत हो. फोटोवाला लाजला. मग ढगोबाने मऊ गादीची ताटली ठेवली.

"हे पुसट आहे," ताई म्हणाली.

"याहून स्वच्छ नाही होणार," फोटोवाला म्हणाला, आणि असं कबूल करताना त्याला त्रास होत होता, हे दिसत होतं.

ताई वाकून पाहत राहिली. धुक्यात एक लहानशी गोल पेशी होती. तिच्याभोवती एकही दोर नव्हता.

"ही काय करतेय?"

"काही नाही," ढगोबा म्हणाला.

"मघापासून?"

"मघापासून. उद्याही काही करणार नाही. त्यासाठीच एवढी खटपट."

बायको म्हणाली, की घरात एकाला ते फुकट जमतं. कोणी हसलं नाही, पण सगळ्यांना बरं वाटलं. ताईची मान अवघडली असणार, तरी ती भिंगावरून उठेना. पेटीतून श्वासाबरोबर टक टक आवाज येत होता. थोड्या वेळाने, डोळे न हलवता, तिने विचारलं, की ती मघाची सुंदर पेशी उचलून इथे आणून निजवली, तर ती शांत होईल का?

ढगोबाने सांगितलं, की काही होतात असं लोकांनी पाहिलंय. पण फार दिवस कडक जागेवर काढलेल्या होत नाहीत. त्यांच्या अंगात ते मुरतं, मऊ गादी मिळाली तरी त्या दगड विसरत नाहीत.

"फार म्हणजे किती?"

ढगोबाने फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाल्याने ढगोबाकडे.

"आमच्या औषधाबरोबर?" ढगोबा म्हणाला. "ते माहीत नाही. करून पाहिलेलं नाही."

"आज सुट्टीच आहे," ताई म्हणाली.

फोटोवाल्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तो कपाटातून कोऱ्या काचा काढू लागला. ढगोबाने हातमोजे चढवले. बायकोने ताईसाठी एक उंच स्टूल ओढून आणलं, आणि नळी कशात अडकणार नाही असं बघून ताई त्यावर बसली.

"थेंब मोठा सोडा," ताई म्हणाली.